चौकटीच्या बाजूची दोरी

दिवाळी अंकात आठवणी लिहायच्या म्हंजे मिशा पांढऱ्या लागतात, असं आमचे वडील, आप्पा, म्हणतात. माझ्या मिशा अजून नीट काळ्या बी झाल्या न्हाईत. पण संपादक आमच्या दुकानात खुर्चीचा पाय बसवून घ्यायला आलते, आणि पाय बसवता बसवता मी त्यांना एक गोष्ट सांगत सुटलो. खुर्ची तयार झाली तरी ते उठंनात. शेवटी म्हणाले, "हेच लिहून दे की." मेव्हण्याच्या क्लासात मराठी टायपिंगचं मशीन हाय, तिथं बसून बडवतोय. चुका दिसल्या तर माझ्याच समजा, मशीन चांगलं हाय.

आम्ही बेळगावच्या शहापूरचे सुतार. आमच्या गल्लीत सकाळी कोंबडं आरवायच्या आधी माग सुरू होतात, खटाक-खट, खटाक-खट. ते माग आमच्या घरानं केलेले. आप्पांनी केलेल्या मागावर सासू विणते आणि तिची सून बी विणते, मधी एक खिळा बदलला तर बदलला. म्हणून आप्पांना गल्लीत मान. आणि मला गर्व. मागाचं लाकूड ज्याला कळलं त्याला जगातलं सगळं लाकूड कळलं, असं मला वाटायचं. ह्या गर्वापायीच पुढचं सगळं रामायण झालं.

लढाई सुरू असतानाची गोष्ट. लष्करी कॅम्पातल्या एका मडमेचा बटलर एक दिवस सायकलला मोडकी चौकट बांधून आला. दोन गोल दांडे, दोन चपट्या पट्ट्या, बस्स. मी म्हटलं, "हे काय, खाटेचं पिल्लू?" तर तो म्हणाला, मडम ह्यावर जाळीचं कापड ताणून लोकरीनं चित्रं भरते. भिंतीला लावायची, खुर्चीला घालायची. एक दांडा चिरलाय, तसाच दुसरा करून द्या.

मी चौकट हातात घेतली आणि खुदकन हसलोच. अहो, हा तर माग! मागाला पुढं एक तूर, म्हंजे गोल दांडी, असते, तिच्यावर विणलेलं कापड गुंडाळत जातं. मागं एक असते, तिच्यावर सूत गुंडाळलेलं. मधला ताणा कसा, तर डफागत. ह्या चौकटीत बी तेच. वरच्या दांड्याला जाळीच्या कापडाची एक कड शिवायची, खालच्याला दुसरी, आणि दांडे फिरवून ताणायचं. भरून झालं की गुंडाळायचं, पुढचं कोरं कापड वर येतं. मी आप्पांना म्हटलं, "ह्यात शिकायला काय न्हाय. बिनाफणीचा, बिनाधोट्याचा माग हाय ह्यो."

चौकटीच्या बाजूच्या पट्टीला एक लांब दोरी गुंडाळलेली होती. मला वाटलं, बटलरनं सायकलला बांधायला आणली असणार. मी ती सोडून गुंडाळी केली, आणि चौकट परत देताना त्याच्या खिशात कोंबली. तो बी काय बोलला न्हाय. त्याला तरी काय ठाऊक!

त्या एका दांड्यावरनं धंदा सुरू झाला बघा. कॅम्पातनं आणखी दोघीतिघींनी चौकटी करून घेतल्या. मग आपल्या बायका. जाळीवर लोकरीचं भरलेलं चित्र काच लावून बैठकीत टांगायचं, पाव्हणे आले की "आमच्या सुमीनं केलंय" म्हणून दाखवायचं, हे खूळ तवा घरोघर होतं. पण बायका ते मांडीवर घेऊन भरायच्या आणि कापडाचा पार बोळा व्हायचा.

आता चौकट कशी निवडायची ते सांगतो, कारण लोक दुकानात येऊन नुसतं "एक चौकट द्या" म्हणतात, जसं काय एक नारळ द्या. तळहाताएवढं काम असेल तर चौकट घेऊच नका, पैसे वाया. मोठं असेल तर आधी कापड मोजा. चौकटीच्या दांड्याला जाड कापडाची एक पट्टी ठोकलेली असते, कापड तिला शिवायचं असतं. त्या पट्टीपेक्षा कापड रुंद असलं तर चौकट कितीबी मोठी दिसू दे, तुमच्या कामाची न्हाय. लाकूड वाळलेलं पायजे. ओलं लाकूड पावसाळ्यात पीळ खातं. मी तर मोडीत निघालेल्या जुन्या मागाचं सागवान वापरतो, त्याचं जे काय वाकायचं ते वाकून झालेलं असतं. आणि गुळगुळीत पायजे. जुन्या धोतराचं फडकं त्यावरनं फिरवायचं, कुठं अडकलं तर लोकर बी अडकणार.

आणखी एक, आणि हे माझं स्वतःचं डोकं हं! मडम खुर्चीवर बसती, तिच्या चौकटीचे पाय उंच. आपल्या बायका जमिनीवर बसतात. म्हणून मी बुटके पाय केले, एक गुडघा खाली जाईल एवढे. दोन्ही हात मोकळे. एक हात वर, एक हात कापडाच्या खाली, सुई वरनं टोचायची, खालच्या हातानं ओढायची, परत वर ढकलायची. एकदा सवय झाली की मांडीवर घेऊन भरणाऱ्या बाईच्या दुप्पट काम होतं.

ह्या बुटक्या पायांच्या चौकटीचं कौतुक ऐकून इंदाक्का आली.

इंदाक्का आमच्याच गल्लीतली, विणकराची पोर. निपाणीला दिलेली. नवरा लवकर गेला, सासरच्यांनी ठेवून घेतलं न्हाय. तिचा थोरला भाऊ निपाणीतच तंबाकूच्या वखारीत कामाला, त्याच्याकडं राहायची. दिवसभर विड्या वळायच्या, सांजंला भावाच्या घरचं काम. निजायला दारालगतच्या सोप्यात, तंबाकूच्या पोत्यांशेजारी, येणाराजाणारा ओलांडून जाईल अशी. वय तिशीच्या आतबाहेर. कमी बोलायची, पण बोलली की टाचणी टोचायची.

"परश्या, किती मोठा झालास रं. मिसरूड फुटलं का कोळसा लावलायस?"

"आक्का, चहा घेणार का टोमणेच मारणार?"

"दोन्ही घेते की."

मग तिनं सांगितलं. निपाणीच्या मुलींच्या शाळेत शिवण-भरतकामाच्या बाईची जागा निघणार होती. शाळेच्या मागं एक खोली, ती बी बाईला मिळणार. शाळा म्हणत होती, ज्या कुणाला जागा पायजे तिनं हातचं एक मोठं काम करून दाखवायचं. इंदाक्का लहानपणी इथल्या शाळेत भरतकाम शिकलेली. तिनं चौकोनांच्या कागदावर नक्षी काढलीवती. मधी मोगऱ्याच्या कळ्यांनी भरलेली परडी आणि चारी बाजूंनी शहापुरी लुगड्याचा काठ, लाल, बारीक, सरळ. लढाईमुळं जाळीचं कापड मिळत नव्हतं. कॅम्पातल्या एका दुकानात शेवटचा तुकडा उरलावता, तो ती घेऊन आलीवती. दुसरा तुकडा बेळगावात न्हाय, कोल्हापुरात न्हाय, कुठंच न्हाय.

"खोली मिळंल आक्का तुला," मी म्हटलं. "चौकट अशी देतो की मडम बघत बसंल."

दिली बी तशी. जुन्या मागाचं सागवान, मागाला असतं तसं दातेरी चाक आणि खुंटी, ताण एकेक दात वाढवायचा. दांड्याच्या पट्टीवर मधोमध खूण केली, कापडाच्या मधोमध खूण केली, दोन्ही खुणा जुळवून मधनं बाहेर शिवत गेलो. चाक फिरवलं. कापडावर टिचकी मारली, टण्ण वाजलं. इंदाक्काच्या तोंडावर हसू आलं.

मग ती बाजूला बघत म्हणाली, "वरनं खालनं ताणलंस, पण हे डावं-उजवं मोकळंच की रं?"

आणि मी काय बोललो असेन? मी म्हटलं, "आक्का, विणकराची पोर तू आणि हे विचारतीस? मागाला कोण बाजूनं शिवतं का?"

ती बी विणकराचीच पोर. तिला पटलं. दुसरी कुणी असती, गवंड्याची, वाण्याची, तिनं आणखी चार प्रश्न विचारले असते. आम्ही दोघं शहापूरचे, म्हणून आम्हाला दोघांना बी तेच खरं वाटलं.

तीन महिन्यांनी ती एका लग्नाला आली, तवा वाकडी वाट करून दुकानात आली. म्हणाली, काठ जरा कलल्यागत दिसतोय. मी काम बघितलं बी न्हाय. म्हटलं, "आक्का, हात घट्ट ओढत असशील. सैल सोड जरा."

तिनं आपल्या बोटांकडं बघितलं. विड्या वळून शेंडे पिवळे, खरबरीत झालेले. "व्हय," म्हणाली, "तंबाकूनं हात बिघडलाय माझा."

मी काय म्हटलं ठाऊक? "असंल." एवढंच. आणि रंधा मारायला लागलो. हे लिहिताना बी मान खाली जाती माझी.

आणखी पाच महिने गेले. मग पिरनवाडीचे एक हवालदार आले. गलमिश्या अशा, की लहान पोरं बघून घरात पळावीत. मागच्या लढाईत पायाला गोळी लागलेली. दुकानात दुसरं कुणी न्हाय बघून हळूच म्हणाले, "एक चौकट पायजे. भरतकामाची. मंडळींसाठी."

"काकूंची उंची किती? पाय तसे करतो."

"माझ्याएवढी."

मी वर बघितलं. सहा फूट माणूस. त्यांच्या काकू आमच्या दुकानावरनं बाजाराला जायच्या, ठेंगण्या. हवालदार लाल झाले. मग सांगून टाकलं. लढाईत दवाखान्यात पडून होते, तवा तिथल्या नर्सनं मन रमावं म्हणून जखमी शिपायांना हे काम शिकवलंवतं. तवापास्नं चटक लागली. घरात दार लावून भरतात. "तू कुणाला सांगितलंस तर बघ!" मी कुणाला सांगितलं न्हाय. आता छापूनच येतंय, पण हवालदारांनीच परवानगी दिली. म्हणाले, आता सगळ्या पिरनवाडीला कळलंय.

तर चौकट घेऊन गेले, आणि दुसऱ्याच दिवशी परत हजर.

"दोरी कुठाय?"

"कसली दोरी?"

"बाजूची रं! कापडाच्या डाव्या-उजव्या कडेतनं सुईनं दोरी ओवायची, बाजूच्या लाकडी पट्टीभोवती घ्यायची, परत कडेतनं, परत पट्टीभोवती. खाटेची दावण ओढतात तशी. त्याबिगर कापड चौकोनी राहील व्हय?"

मी म्हटलं, "पण मागाला तर..."

"मागाला गाढवा, सूत आडवं जातं, सरळ! हितं प्रत्येक टाका तिरपा. हजार टाके एकाच अंगाला ओढतात. बाजू मोकळी सोडलीस तर कापड त्या अंगाला कलणारच. नर्सबाई पहिल्या दिवशी हेच शिकवायची."

मडमेच्या चौकटीला गुंडाळलेली ती दोरी डोळ्यांपुढं आली. कॅम्पातल्या बायका जाणत्या, त्यांनी आपापली दोरी ओवून घेतली असणार. आणि इंदाक्काला मी...

निपाणीच्या शाळेत काम दाखवायची परीक्षा चार दिवसांवर आलीवती.

आप्पांना सांगितलं. ते फणीचे दात तपासत होते. सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले, "दोरी बघितलीवतीस. विचारलं का न्हाईस?"

"विचारलं असतं तर सुताराच्या पोराला कळत न्हाय म्हणाले असते."

"आणि आता काय म्हणतील?"

मी खालचा भुसा गोळा करायला लागलो.

"माग वाकडा बसला आणि कापड बिघडलं, तर विणकरणीला बोल लावलाय का मी कधी? जा निपाणीला. पण गल्लीचं नाव घेऊन जातोयस, ध्येनात ठेव. मागाची गिऱ्हाइकं बी कान देऊन असतात." म्हंजे जा बी म्हणाले आणि भ्या बी घातलं. आप्पांचं असंच.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सर्व्हिस मोटारीनं निपाणीला गेलो. वाटभर कबुलीची वाक्यं जुळवत होतो. इंदाक्काच्या भावाच्या घरी पोचलो आणि सोप्यात ते काम बघितलं. मोगऱ्याची परडी काय सुंदर, काय सांगू! कळी न् कळी उमललेली. आणि भोवतीचा लाल काठ? घराचं दार एका बाजूला ढासळावं तसा. चौकोनाचा पार पतंग झालेला.

"बघ," इंदाक्का म्हणाली, "हात सैल सोडला, घट्ट धरला, सगळं करून बघितलं. दोन महिने झाले, विड्या बी सोडल्यात. वहिनी बोलती, बसून खाती म्हणून. रोज राखेनं बोटं घासते. तरी कलतंच हाय."

तोंडापर्यंत आलेली वाक्यं मी गिळली. म्हटलं, आधी सरळ करून देऊ, मग सांगू. हवालदारांनी उपाय सांगितलावता. काम पालथं घालून पाण्यानं ओलवायचं, ओढून चौकोनात आणायचं, फळीवर टाचण्या मारून वाळवायचं. पण आधी पांढरं फडकं भिजवून लाल काठाच्या एका कोपऱ्यावर दाबलं. उचललं तर फडकं गुलाबी. लढाईतली लोकर, रंग कच्चा. ओलवलं असतं तर सगळा मोगरा गुलाबी झाला असता.

"पाणी नको," इंदाक्का म्हणाली. "वाकडं तर वाकडं. जे हाय ते दाखवते."

तिला मी तवाबी सांगितलं न्हाय.

दुसऱ्या दिवशी चौकट खांद्यावर घेऊन मी तिच्या मागं शाळेत. आत मोठ्या बाई होत्या, चष्मा, पांढरं लुगडं, आवाज खणखणीत. आणि कमिटीतले एक सावकार, पान खाऊन बसलेले. मोठ्या बाईंनी काम आधी पालथं केलं. मला नवल वाटलं. नंतर कळलं, हात बघायचा तर मागची बाजू बघतात, पुढनं कुणीबी सजवतं. मागनं टाके सगळे एका ओळीत, गाठ न्हाय, लोंबता धागा न्हाय.

"छान आहे," बाई म्हणाल्या. मग सुलटं केलं. "पण हे असं का झालं?"

इंदाक्का म्हणाली, "हात बिघडलाय बाई. विड्या वळून."

सावकार म्हणाले, "मग कसं? बाईचाच हात वाकडा, तर पोरींचे हात कोण सरळ करणार? पुढच्यांना बोलवा."

इंदाक्का चौकट उचलायला वाकली. आणि माझ्या तोंडातनं, वाटेत जुळवलेलं एकबी वाक्य न्हाय, भलतंच बाहेर पडलं. "हात न्हाय वाकडा, मी वाकडा!"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मग मी सगळं बोललो. दोरी, बटलरचा खिसा, "मागाला कोण बाजूनं शिवतं", सगळं. तिनं विचारलं आणि मी तिच्याच हाताला दोष दिला, ते बी. इंदाक्काकडं बघायची माझी छाती झाली न्हाय.

सावकार पान चघळत म्हणाले, "तरणा पोरगा विधवा बाईची बाजू घेऊन इतकं पोटतिडकीनं बोलतोय. ठीक हाय. चाललंय ते बरं चाललंय."

तवा मला कळलं, आपण तिला वाचवायला गेलो आणि नव्या खड्ड्यात ढकललं. इंदाक्काचा चेहरा पांढरा झाला. पण मोठ्या बाईंनी टेबलावर हात आपटला. "बोलण्यावर कशाला जायचं? करून दाखवा. इथंच."

कपाटातनं पोरींच्या सरावाचं पातळ जाळीचं देशी कापड काढलं, दोन लहान तुकडे. मी चौकटीवरचं चित्र उतरवून एक तुकडा नुसता वरनं-खालनं ताणून दिला, आधीसारखा. बाईंनी पेन्सिलीनं चार बोटांचा चौकोन काढला. इंदाक्का बसली, एक गुडघा चौकटीखाली घालून, आणि भरायला लागली. टाका न् टाका एकाच मापाचा. चौकोन भरून झाल्यावर मी खिशातला गुण्या लावला. गुण्या म्हंजे आमचं काटकोन बघायचं हत्यार. एका कोपऱ्यात फट, दुसऱ्यात दाटी. कललेला.

मग दुसरा तुकडा. ह्या बारीला हवालदारांनी सांगितलेली दोरी बाजूनं ओवली, डावीकडनं, उजवीकडनं, सारखी ओढली. परत तेवढाच चौकोन, तोच हात, तीच सुई. दुपारची सुट्टी झाली, पोरी दाराशी गोळा झाल्या, परत तासाला गेल्या. भरून झालं. मोठ्या बाईंनी गुण्या माझ्या हातातनं घेतला आणि स्वतः लावला. चारी कोपरे बसले. मग त्यांनी तो सावकारांपुढं धरला. "घ्या. लावून बघा."

सावकारांनी लावला न्हाय. पान थुंकायला बाहेर गेले, ते लई वेळ आलेच न्हाईत.

बाई म्हणाल्या, "हात मला पसंत आहे. पण कमिटीला ठरलेलं मोठं कामच लागणार. सहामाही परीक्षेपर्यंत तुम्ही शिकवा, तात्पुरत्या. तोवर हेच चित्र सरळ करून आणा. मग जागा तुमची, खोलीही तेव्हाच."

बाहेर आल्यावर मला वाटलं, आक्का आता काहीतरी गोड बोलणार. चिंचेखाली ती थांबली.

"पाच महिने," म्हणाली. "पाच महिने मी ह्या बोटांना शिव्या दिल्या रं. चिमट्यानं सालटी काढली. आणि तुला चार दिवस आधी कळलंवतं?"

"आक्का, काल सांगणारच होतो..."

"काल का न्हाय सांगितलंस? लोकांपुढं सांगितलंस. मला एकटीला सांगायचं धाडस झालं न्हाय, आणि दहा जणांपुढं वीर झालास."

खरंच होतं ते. लोकांपुढं कबूल करणं सोपं, लोक बघतात तरी. ज्याचं वाटोळं केलं त्याच्यापुढं एकट्यानं उभं राहणं लई अवघड.

"नवं कापड मी कुठनंबी..."

"कुठंबी न्हाय ते. मला ठाऊक हाय. हेच उसवणार. भरलेलं कापड नुसत्या दोरीनं सरळ व्हायचं न्हाय."

"सगळं?"

"मग काय अर्धं? शनिवारी ये. चिमटा घेऊन ये, बारीक टोकाचा. तुझी बी बोटं बघू कशी हायत ती."

गेलो. शनिवारी गेलो, त्याच्या पुढच्या शनिवारी गेलो, तिसऱ्या शनिवारी बी, असे लई शनिवार. शाळेच्या व्हरांड्यात, मोठ्या बाईंच्या नजरेसमोर, मुद्दाम तिथंच, कुणाला बोलायला जागा नको म्हणून. ती मोगरा उसवायची, मी काठ. जाळीचा धागा तुटू द्यायचा न्हाय, लोकरीचं टोक हरवू द्यायचं न्हाय. पोरी लोकर गुंडाळून ठेवायच्या. पहिल्या शनिवारी दिवसभरात माझं दोन बोटं काठ उसवून झालं आणि मान धरली. इंदाक्का बघून म्हणाली, "सैल सोड जरा हात." मोठ्या बाई व्हरांड्याच्या टोकाला हसल्या, मला ऐकू आलं.

उसवून झाल्यावर कापड बाजूनं ओवलं, रोज थोडं थोडं ओढलं, आणि ते चौकोनात आलं. मग तिनं परत भरायला घेतलं, शिकवता शिकवता, पोरींना दाखवत दाखवत. जुनी लोकर जिथं विरली तिथं तिनं काठात थोडा पिवळा घातला. मला विचाराल तर आधीपेक्षा चांगला दिसतो. तिला विचाराल तर ती म्हणती, तू बोलू नकोस.

सहामाही परीक्षा झाली, त्याच आठवड्यात मोठ्या बाईंनी कमिटीपुढं चित्र ठेवलं आणि गुण्या बी ठेवला. सावकारांनी सही केली.

खोली लावायच्या दिवशी मी गेलतो, सामान उचलायला. सामान ते काय, एक ट्रंक, एक वळकटी, चौकट, आणि वहिनीनं दिलेली दोन भांडी. खोली म्हंजे दहा पावलांची, कौलारू, एक खिडकी उगवतीला. मी ट्रंक कोपऱ्यात ठेवली, चौकट खिडकीपाशी उभी केली. उजेड डावीकडनं येईल अशी, मनात खूष होऊन. आता चहा करंल, गप्पा होतील, म्हणून मी जमिनीवर टेकलो.

इंदाक्का खोलीच्या मधोमध उभी होती. भिंतींना एकदा हात लावून आली, चारी भिंतींना.

"परश्या," म्हणाली, "जा आता."

"चहा?"

"पुढच्या बारीला. लई वर्षं झाली रं एकटी बसून. जरा बसू दे मला."

मी उठलो, पायतान घातलं, अंगणात आलो. मागं दार लागलं. मग आतनं कडी घातल्याचा आवाज आला, एकदा, आणि घट्ट बसली का न्हाय बघायला हलवल्याचा आवाज आला, आणि मग काहीच न्हाय. मी थोडा वेळ तिथंच उभा राहिलो. मग मोटारीचा भोंगा ऐकू आला तसा पळत सुटलो.